गाडी मागे बसली म्हणजे पकड आली?

भर पावसात घाटाच्या चढावर गाडी थांबवावी लागली, आत पाच माणसं आणि डिकी सामानाने ठासलेली असली, की पुढच्या चाकांनी ओढणारी हॅचबॅक उठताना रडकुंडीला येते. चाकं जागच्या जागी गरगरतात, रबराचा वास सुटतो आणि मागचा ट्रकवाला हॉर्न बडवू लागतो. त्याच जागेवरून तितकीच भरलेली बोलेरो मात्र काही न झाल्यासारखी निघून जाते. बोलेरोचं इंजिन काही राक्षसी नाही. फरक एवढाच, की चढावर आणि उठताना गाडीचा भार मागे सरकतो आणि बोलेरोला ढकलणारी चाकं नेमकी मागेच आहेत.

ही साधी गोष्ट अमेरिकेत गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं एका अख्ख्या खेळाच्या मुळाशी आहे. सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जो आधी कापेल तो जिंकला. या ड्रॅग रेसिंगची मोठी संघटना 'एनएचआरए' वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये स्थापन केली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा इंजिनाचा खेळ. शर्यतीत मुरलेली माणसं मात्र वेळेची चिठ्ठी हातात पडली की शेवटचा आकडा नंतर बघतात. आधी बघतात पहिल्या ६० फुटांची वेळ. तिथे दशांश सेकंद वाचला, तर पाव मैलाअखेर साधारण दीड ते दोन दशांश वाचतात, असा तिथला जुना ठोकताळा आहे. आणि पहिले ६० फूट ठरतात ते मागच्या टायरच्या जमिनीवरच्या पकडीवर.

म्हणून मागच्या सस्पेन्शनचे सुटे भाग विकणारा मोठा बाजार तिथे उभा आहे. लाल-निळ्या रंगाचे आर्म, कडक बुश, शॉक, एअरबॅग, कसले कसले बार. यातलं काय घ्यायचं हे कळायला आधी एक गैरसमज बाजूला करावा लागतो: उठताना गाडी मागून जितकी खाली बसेल तितकी पकड जास्त, हा.

भार किती सरकतो, ते कशावर ठरतं?

उदाहरणाला फोर्ड मस्टँगची १९७९ ते १९९३ या काळातली पिढी घेऊ. जिच्या सांगाड्यावर ती बांधली त्याचं नाव 'फॉक्स', म्हणून लोक तिला फॉक्स-बॉडी म्हणतात. हलकी, स्वस्तात मिळणारी, ५ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेली. हौशी ड्रॅगवाल्यांच्या किती पिढ्या हिच्यावर शिकल्या असतील याची गणती नाही.

चालकासह वजन १५०० किलो धरू. उभी असताना त्यातलं साधारण ५७ टक्के पुढच्या चाकांवर, ४३ टक्के मागच्या. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर २.५५ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच मानला आणि गाडी १ जी प्रवेगाने, म्हणजे सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरने वेग वाढवत सुटली, तर मागे सरकणारा भार जवळजवळ २९५ किलो येतो. हिशेब सोपा आहे: वजन गुणिले प्रवेग गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर.

या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही. शॉक नाहीत, आर्म नाहीत. एकूण भार किती सरकणार हे उंची, लांबी आणि प्रवेग ठरवतात. क्रायसलर कंपनीतल्या अभियंत्यांच्या 'रामचार्जर्स' या क्लबाने हे पन्नाशीच्या दशकाअखेरीस बरोबर ओळखलं होतं. त्यांनी १९४९ची एक प्लिमथ घेतली आणि ती इतकी उंच उचलली की गाडीचं नावच 'हाय अँड मायटी' पडलं. दिसायला बेंगरूळ, पण गुरुत्वमध्य उंच, म्हणून भार जास्त सरके. पुढे १९६५मध्ये क्रायसलरने काही शर्यतीच्या गाड्यांची चाकंच हलवली: मागचा अ‍ॅक्सल १५ इंच पुढे, पुढचा १० इंच पुढे, म्हणजे गाडीच्या वजनाचा मोठा भाग आयताच मागच्या चाकांवर. या चमत्कारिक दिसणाऱ्या गाड्यांवरूनच 'फनी कार' हे नाव रूढ झालं.

आता टायरकडे. मस्टँगच्या इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, ४०७ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरने तो ३.३५ पट होतो, मागच्या डिफरन्शियलमध्ये आणखी ३.०८ पट. चाकांपाशी सुमारे ४२०० न्यूटन-मीटर पोचतात. वाटेतली घट वजा करूनही हा जोर गाडीला ०.७५ जीच्या आसपास पळवण्याइतका आहे. पण रस्त्यावरच्या साध्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर भार सरकल्याचा फायदा जमेस धरूनही ही गाडी ०.४७ जीपलीकडे जाऊ शकत नाही. इंजिन मागतंय दीडपटीहून जास्त. टायर देणार कुठून? उरलेली ताकद धुरात जाते. तेच ड्रॅगसाठीचे मऊ टायर लावले, पट्टीवर चिकट द्रावण मारलेलं असलं आणि घर्षणांक दीडपर्यंत गेला, की मर्यादा ०.९ जीच्या वर पोचते.

ज्याच्याकडे अजून साधे टायर आहेत त्याने सस्पेन्शनचा कॅटलॉग उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी रबर.

मग सस्पेन्शन करतं तरी काय?

तीन कामं करतं. भार किती झपाट्याने टायरवर यावा हे ठरवतं, तो डाव्या-उजव्या चाकांत सारखा वाटतं, आणि टायर जमिनीवरून उड्या मारणार नाही हे बघतं. पकड निर्माण करणं हे त्याचं काम नाही. आलेली पकड वाया जाऊ न देणं हे आहे.

पहिलं काम समजायला गोदरेजचं भरलेलं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. गुळगुळीत फरशीवर ते अगदी पायापाशी जोरात ढकललं तर तळ पुढे सरकतो आणि डोकं आपल्या अंगावर येतं. खांद्याच्या उंचीवर ढकललं तर डोकं पुढे कलतं. मध्ये कुठेतरी एक उंची अशी सापडते, की कपाट ना पुढे कलतं ना मागे, सरळ सरकतं. गाडीचंही हेच. मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या सांगाड्याला पुढे ढकलतो तो काही दांड्यांमार्फत, म्हणजेच आर्ममार्फत. त्या कोणत्या कोनात बसवल्या आहेत त्यावर ढकलण्याची उंची ठरते. रेषा सखल असेल तर गाडी मागे बसते. उंच असेल तर मागचा भाग वर उचलला जातो, आणि सांगाडा वर उचलायला जो जोर लागतो त्याची उलट प्रतिक्रिया टायरला जमिनीत दाबते.

फॉक्स मस्टँगला अशा चार दांड्या आहेत, दोन वर आणि दोन खाली. बाजूने पाहा आणि वरच्या-खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवा; त्या जिथे मिळतात त्या बिंदूला 'इन्स्टंट सेंटर' म्हणतात. तिथे प्रत्यक्षात काहीच नसतं, नुसती हवा किंवा गिअरबॉक्सचा पत्रा. पण अ‍ॅक्सल सांगाड्याला जणू त्याच बिंदूत धरून ढकलत असतो. टायर जमिनीला टेकतो तिथून या बिंदूकडे रेषा काढली की ढकलण्याची दिशा मिळते. ती रेषा पुढच्या अ‍ॅक्सलवर गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचत असेल, तर गाडी मागे ना बसते ना उठते. त्याला १०० टक्के 'अँटी-स्क्वॉट' म्हणायचं. त्याहून उंच गेली तर मागचा भाग उचलला जातो.

गैरसमज इथे सुटतो. मागे बसणाऱ्या गाडीत सरकलेला भार स्प्रिंग दाबत दाबत हळू टायरवर पोचतो. न बसणाऱ्या गाडीत तेवढाच भार दांड्यांतून थेट, लगेच पोचतो. शेवटी आकडा जवळपास एकच. पण टायर घसरायचा असतो तो पहिल्या काही दशांश सेकंदांत, आणि तिथे घाई कामाची.

अर्थात घाईलाही मर्यादा आहे. बिंदू फार उंच आणि फार मागे नेला तर टायरवर हातोडा पडल्यासारखा जोर येतो, मागचा भाग टणकन उचलला जातो, आणि वर जाण्याची हालचाल संपते त्या क्षणी टायर हलका होतो. अशी गाडी सुटताना झकास दिसते आणि दहा-पंधरा फुटांवर अचानक धूर काढते.

गाडी खाली दिसावी म्हणून आखूड स्प्रिंग लावणाऱ्यांचं नुकसानही इथेच होतं. सांगाडा खाली आला की खालच्या दांडीचं पुढचं टोकही खाली येतं, छेदबिंदू घसरतो, अँटी-स्क्वॉट जातो आणि वर गुरुत्वमध्यही खाली. त्यावर इलाज म्हणून अ‍ॅक्सलला जोडायचे ब्रॅकेट मिळतात. त्यांनी खालच्या दांडीचं मागचं टोक आणखी खाली घेता येतं, दांडी पुन्हा पुढे चढती होते आणि बिंदू वर येतो. मोठ्या जाहिरातीच्या आर्मपेक्षा हे साधे ब्रॅकेट पुष्कळदा जास्त काम करतात.

पाट्यांच्या गाड्यांचं दुखणं

साठच्या दशकातल्या बहुतेक डॉज, प्लिमथ आणि पहिल्या पिढ्यांच्या कॅमारो-मस्टँग मागे पाट्यांवर उभ्या असत, आपल्याकडच्या जीप किंवा बोलेरोसारख्या. इथे दांड्या नाहीत. अ‍ॅक्सलला जागेवर धरणं आणि झटके झेलणं, दोन्ही कामं बिचारा पाटाच करतो.

चाक पुढे फिरू लागलं की प्रतिक्रियेने अ‍ॅक्सलचं हाऊसिंग उलट दिशेने फिरू पाहतं आणि पिनियनचं नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडतात ते हाऊसिंगचं पुढचं टोक, वर उठतं. पाटा पिळला जाऊन इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. मग टायर घसरतो, पीळ सुटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पीळ. हे सेकंदात अनेकदा घडतं आणि मागून कुणी घण मारतंय असा आवाज येतो. याला 'व्हील हॉप' म्हणतात. ते नुसतं त्रासदायक नाही; त्याने अ‍ॅक्सल शाफ्ट आणि डिफरन्शियलचे दात तुटतात.

क्रायसलरचा तोडगा सुरेख होता. त्यांच्या गाड्यांत अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्यावर नसून बराच पुढे असे. 'सुपर स्टॉक' पाट्यांत हा पुढचा आखूड भाग क्लॅम्पांनी आवळून जवळजवळ ताठ दांडी करून टाकला आणि मागचा लांब भाग मोकळा सोडला. पुढचा भाग ढकलणार, मागचा स्प्रिंगचं काम करणार. शिवाय पिनियनच्या वर एक रबरी ठोकळा, म्हणजे नाक फार उठू नये. ज्यांच्याकडे असे पाटे नव्हते त्यांनी पाट्याखाली जाड बार जोडले. अ‍ॅक्सल फिरला की बारचं रबरी टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली आपटतं. आजचे 'कॅलट्रॅक्स' पद्धतीचे बार जास्त हुशार आहेत. अ‍ॅक्सलखालची दांडी पुढे सरकते, पुढच्या डोळ्यापाशी असलेला त्रिकोणी तुकडा फिरवते आणि तो तुकडा पाट्याचा पुढचा भाग वरून दाबून धरतो. जितका पीळ जास्त, तितका दाब जास्त. पाट्यांच्या गाडीला पैसे कुठे घालायचे असतील तर इथेच.

उजवं चाक हलकं का होतं?

इंजिनाचा पीळ मागे पोचतो तो लांब प्रोपेलर शाफ्टमधून. मागून पाहिलं तर शाफ्ट घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि सगळ्या अ‍ॅक्सललाच त्या दिशेने कलवू पाहतो: डावं चाक जमिनीत दाबलं जातं, उजवं वर उचललं जातं. मस्टँगच्या आकड्यांत, शाफ्टमधला पीळ १३६० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि चाकांमधलं अंतर सुमारे १.४५ मीटर, डावीकडे ९५ किलोची भर आणि उजवीकडे तेवढीच घट, इथपर्यंत मजल जाऊ शकते.

इंजिन सांगाड्यावर बसलेलं असल्याने त्याची प्रतिक्रिया सांगाड्याला उलट दिशेने पिळते. फोटोत डावं पुढचं चाक उजव्यापेक्षा जास्त उचललेलं दिसतं ते म्हणून. आता गंमत अशी, की सांगाड्याचा हा पीळ सगळाच्या सगळा मागच्या सस्पेन्शनने परत अ‍ॅक्सलवर टाकला, तर दोन्ही पीळ एकमेकांना मारतात आणि दोन्ही मागच्या चाकांवर भार सारखा राहतो. जेवढा पीळ पुढच्या सस्पेन्शनने झेलला, तेवढाच असमतोल मागे उरतो.

यातून निघणारी खरेदी नवख्याला उलटी वाटते. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारा आडवा बार, काढून टाका. शर्यतीपुरता, कारण त्याशिवाय वळणावर गाडी बेभरवशाची होते. मागे मात्र जाडजूड, ताठ अँटी-रोल बार बसवा. खिसा रिकामा असेल तर उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये एक रबरी एअरबॅग घालून ती हवेने थोडी फुगवतात. चार पैशांत बऱ्यापैकी काम होतं. पण तिचं माप एकाच ताकदीला जुळतं. इंजिन बदललं, क्लच वेगळ्या आरपीएमला सोडला, की पुन्हा हवा कमी-जास्त करत बसा.

शॉक

स्प्रिंग भार पेलते, शॉक हालचालीचा वेग आवरतो. ड्रॅगच्या गाडीला पुढचे शॉक असे हवेत की नाक सहज वर जावं आणि सावकाश खाली यावं. बाजारात '९०/१०' या नावाने मिळणारे हेच. मागचे शॉक दोन्ही दिशांना वेगवेगळे जुळवता येणारे घ्यावेत. मागचा भाग टणकन उचलून टायर नंतर हलका होत असेल तर उघडण्याचा विरोध वाढवायचा; टायर सुरुवातीलाच घसरत असेल तर तो कमी करून ठोसा मोकळा सोडायचा. रेडियल टायरला साधारणतः हळुवार, न डगमगणारी सुरुवात आवडते. जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय स्लिकला जोराचा ठोसा आणि किंचित घसर चालते. म्हणून टायर बदलले की शॉकची मापंही बदलतात.

---

चौकट: व्हिडिओत काय दिसतं, बघायचं कुठे

सुटताच लगेच धूर: आधी टायर, त्यांची हवा आणि पट्टीची स्थिती. मग दांड्यांचे कोन.

थोडं धरून मग धूर: मागचा भाग फार वेगाने उचलला जातोय. शॉकचा उघडण्याचा विरोध, किंवा छेदबिंदू फार उंच.

घण मारल्यासारखा आवाज: झिजलेले बुश, वाकणारे आर्म, पाट्याचा पीळ. गॅस लगेच सोडा.

गाडी उजवीकडे किंवा डावीकडे ओढते, जमिनीवर एकच काळी रेघ ठळक: भार सारखा वाटला जात नाही. मागचा बार किंवा एअरबॅग.

---

काय आधी, काय नंतर

फॉक्स मस्टँगवालाच घ्या. टायर झाले. दुसरं काम मागच्या खालच्या आर्मचं. कंपनीचे आर्म दाबलेल्या पत्र्याचे, एका बाजूने उघडे असतात आणि जोरात पिळले जातात. त्यांच्या जागी बंद चौकोनी नळीचे, कडक बुशचे आर्म. वरच्या आर्मला मात्र सावध राहावं. ते तिरके बसवलेले असतात, कारण अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणं हेही त्यांचंच काम आहे. गाडी कलली की त्यांच्या बुशला पिळावं लागतं. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथिन ठोकलं तर सांधा अडकतो आणि ओल्या वळणावर मागचा भाग न सांगता निसटतो. तिथे एका टोकाला रबर तरी ठेवावं, नाहीतर सरळ गोलाकार फिरणारे बेअरिंग-सांधे घ्यावेत आणि वाढलेला खडखडाट सोसावा.

त्यानंतर शॉक, मग मागचा बार. पिनियनचा कोन शेवटी नक्की करायचा, कारण आर्म बदलले की तो बदलतोच. जोर आल्यावर नाक उठणार, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवतात. पाट्यांच्या गाडीत त्याहून जास्त. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार भाग एकदम बसवून आलेल्या माणसाला वेळ सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही.

जिथे हे नियम लागू होत नाहीत

सगळ्यात वेगवान टॉप फ्युएल गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसतं. अ‍ॅक्सल सांगाड्याला पक्का जखडलेला. लवचीक लांब सांगाडा आणि सुटताना सुरकुत्या पडणारी टायरची बाजू, हेच त्यांचे स्प्रिंग. त्या गाड्या इतक्या वेगाला पोचल्या की २००८पासून त्यांची शर्यत १३२० ऐवजी १००० फुटांवर आणावी लागली.

दुसऱ्या टोकाला २०१८ची डॉज चॅलेंजर एसआरटी डीमन. तिची मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, अखंड अ‍ॅक्सल नाही. तरी ड्रॅग मोडमध्ये पुढचे शॉक उघडायला मोकळे होतात, मागचे कडक राहतात, आणि कंपनीतून तशीच निघालेली ही गाडी पुढची चाकं हवेत उचलून २.९२ फूट गेल्याची नोंद गिनेस बुकात आहे.

लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ज्या ड्रॅग शर्यती झाल्या त्यांत पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या हॅचबॅक आणि सेडानही पळाल्या. त्यांच्या मालकांनी वरचा सल्ला उलटा करून वाचावा. तिथे मागे सरकणारा प्रत्येक किलो ओढणाऱ्या चाकांवरून जातो. एकूण सरकणारा भार त्यांनाही थांबवता येत नाही, पण गाडी मागून खाली आणि नाकाने वर जाऊन गुरुत्वमध्य उंचावू नये एवढं करता येतं: मागे ताठ स्प्रिंग, बसणं कमी करणारे शॉक, पुढे सहज न उघडणारे शॉक, आणि डिकीतला स्पेअर टायर, जॅक, पान्ह्यांची पेटी सुटण्याआधी खाली काढून ठेवलेली.